पाहुण्यांसाठी अकरा कलमं

मंगळवार, ९ तारीख

ताई,

मायना गाळतेय. साष्टांग नमस्कार लिहावा तर तू म्हणशील ढोंगी आहे, आणि नुसतं 'प्रिय' लिहावं तर ते आत्ता मलाच खरं वाटायचं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

काल भिंगरी म्हणाली, "मावशीला तू काय पाठवलंस ते मी पाहिलं, आई. लाज वाटली मला." म्हणजे तू फोटो काढून तिला पाठवलास तर. बरं केलंस. मी काही चोरून केलेलं नाही. तू डॉक्टरांची चिठ्ठी पाठवलीस, मी लग्नाच्या पाहुण्यांची छापील नियमावली पाठवली आणि कलम तीनला लाल पेनानं गोल केला. लशीचे दोन्ही डोस झाल्याशिवाय हॉलमध्ये प्रवेश नाही. तुझा एकच झालाय. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

तुझा घसा सुजला होता, रात्रभर दवाखान्यात ठेवलं होतं, दुसरा डोस घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे सगळं मी वाचलं. दगड नाहीये मी. पण एक चिठ्ठी चालवली की उद्या चिठ्ठ्यांचा ढीग पडेल. माझी नणंद तर आत्तापासून म्हणतेय की तिला सुईची चक्कर येते. सुईची! तीन बाळंतपणं झालेली बाई.

आणि हे नियम मी हौसेनं केलेले नाहीत. सरकारी आदेशच पन्नास माणसांचा. त्यात जावयाची आजी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून येणार आहे. फुप्फुसं जवळजवळ गेलीत म्हातारीची, नोंदणीच्या लग्नात नातवाची सही बघायची म्हणून जीव धरून आहे. लग्न पुढे ढकलावं तर जावयाचं जहाज पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला सुटतं, ते नऊ महिन्यांनी परत. विहीणबाई पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "तुम्ही बिस्किटांच्या फॅक्टरीत क्वालिटी बघता. तुम्हीच नियम करा, आम्ही मान डोलावू." मग केले. अकरा कलमं. फॅक्टरीत जसे करते तसेच, नंबर घातलेल्या प्रती, शिक्का, खाली सही. एक प्रत हॉलवाल्याला, एक विहीणबाईंना, एक गेटला.

नियम सगळ्यांना सारखा, ताई. तू समजून घेशील असं वाटलं होतं.

तुझी धाकटी


सोमवार, १५ तारीख

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही अशीच होतीस, रुसलीस की आठवडाभर भिंतीशी बोलायचीस.

इथली खबर देते. भिंगरी माझ्याशी कामापुरतं बोलते. "हो", "नाही", "ठेवलंय टेबलावर". ह्यांनी तर कमालच केली. लग्नघरात सगळ्यांची धावपळ चाललीय आणि हे गृहस्थ पेपरातलं कोडं सोडवत बसतात. काही विचारलं की "तू म्हणशील तसं." आयुष्यभर हेच ऐकलं. एकदा तरी "मी म्हणतो तसं" म्हणाला असता हा माणूस, तर मी एवढी कडक झालेच नसते.

गेटवर मी आमच्या फॅक्टरीतल्या बाईला उभी करणार आहे. तिला सगळे फौजदारीण म्हणतात. वीस वर्षं हात धुण्याच्या गेटवर आहे, एकदा मालकाच्या जावयाला टोपी न घातल्याबद्दल बाहेर काढलं होतं तिनं. तिला मी बजावून सांगितलंय, "गेटवर कागदच बोलेल. फोनवरून आलेली कुठलीही सूट मानायची नाही. माझीसुद्धा नाही. बदल हवा असेल तर लेखी, आणि त्यावर दोन सह्या, माझी आणि विहीणबाईंची." ती म्हणाली, "मॅडम, बिनधास्त राहा."

एक सांगून टाकते, नाहीतर तुला भिंगरीकडून कळेलच. जावयाच्या काकांचाही एकच डोस झालाय. त्यांना येऊ देतोय. हॉल त्यांच्या मित्राचा, त्यांच्या शब्दावर मिळालाय, मी काय करणार? त्यांचं नाव मी पाहुण्यांत घातलं नाही, हॉलच्या कर्मचाऱ्यांत घातलं. कर्मचाऱ्यांना कलम तीन लागू नाही, फक्त टेस्ट. म्हणजे कागदावर सगळं नियमातच आहे.

वाचतानाच तू नाक मुरडलंस, इथून दिसलं मला.

तू शिवलेला पोशाख आलाय. भिंगरीला तो इतका नेमका बसतो की मी काहीच बोलले नाही. मापं कुठून घेतलीस? तिला बघून वर्ष होऊन गेलं तुला. तिच्या अंगाची मापं तुला अशी तोंडपाठ कशी असतात?

असो. तो मागच्या खोलीतल्या कपाटात लावलाय.

तुझी धाकटी


मंगळवार, २३ तारीख

ताई,

दार आतून लावून बसलेय. मागच्या खोलीत. काल फॅक्टरीत दर आठवड्याची टेस्ट झाली, संध्याकाळी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

कलम सात तू वाचलंयस. 'लग्नाच्या आधी दहा दिवसांत जिचा किंवा ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल, ती व्यक्ती हॉलमध्ये येणार नाही, मग ती वधूची आई का असेना.' ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, ताई. लोकांना जरब बसावी म्हणून. टाइप करताना स्वतःवर खूश झाले होते मी.

लग्न रविवारी. आज मंगळवार.

या खोलीत एक खाट, एक कपाट आणि भिंतीला लावलेली पन्नास भेटवस्तूंची खोकी आहेत. ती आता इथेच पडणार, माझ्याबरोबर. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावर एक पाइप. त्या पाइपला सहा जोड आहेत. दाराबाहेर हे स्टूल ठेवतात, त्यावर ताट ठेवतात, दारावर टकटक करतात आणि पळतात. पळतात म्हणजे खरोखर पळतात! बत्तीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला पळताना पाहिलं नव्हतं. मी पत्र बाहेर ठेवलं की त्यावर जंतुनाशक मारतात, तेव्हा शाई फुटली असली तर तो माझा दोष नाही.

ताप आहे, फार नाही. अंग मोडून आलंय. चव गेलीय. पण ते काही नाही. भिंगरीचा आवाज भिंतीपलीकडून येतो तेव्हा कसंतरी होतं. ती पोशाख घालून बघणार होती. कपाट इकडे. मी तोंडाला दोन मास्क लावून तो काठीला अडकवला आणि दाराच्या फटीतून बाहेर दिला. पलीकडून तिनं धरला. दोन दिवस उन्हात टांगून मग घालायचा म्हणे. काठी ओढून घेताना तिनं एवढंच विचारलं, "तुला पाणी आहे ना आत?"

मी "आहे" म्हटलं. तांब्या रिकामा होता. पण तिला पुन्हा दाराशी बोलवायचं नव्हतं मला.

ताई, सही करताना तिच्या शेजारी कोण उभं राहणार?


बुधवार, २४ तारीख

ताई,

कालचं पत्र अर्धवट सोडलं होतं. आज सगळं सांगते.

सकाळी हे दाराशी आले आणि पळाले नाहीत. स्टूल सरकवून त्यावर बसल्याचा आवाज आला. म्हणाले, "ऐकतेस का? रविवारपर्यंत तुझा ताप उतरेल. तू डबल मास्क लाव, मागच्या दारानं ये, कोपऱ्यात उभी राहा. आपल्या तिघांशिवाय कुणाला माहितीये? फॅक्टरीवाले काही हॉलवर येणार नाहीत."

फौजदारीण येणार आहे, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. पण तिचं गेट कँटीनच्या बाजूला, तिला अजून कळलेलं नव्हतं. हेही मी हिशेबात धरलं.

मी "हो" म्हणाले, ताई. लगेच म्हणाले. बत्तीस वर्षांनी त्यांनी स्वतःहून एक ठरवलं आणि ते हे ठरवलं! मी तर दुपारभर खोकला गिळायची सवय केली. उशीत तोंड खुपसून, घड्याळ लावून, सही व्हायला किती वेळ लागतो तेवढा वेळ. पंधरा मिनिटं. तेरापर्यंत गेले.

मग विहीणबाईंचा फोन आला. तब्येतीची चौकशी करायला नव्हे, त्यांना तर काही माहीतच नव्हतं. म्हणाल्या, "आजींनी आज विचारलं, तिथे सगळे तपासलेले असतील ना? मी म्हटलं, आमच्या विहीणबाई आहेत तिथे, माशीला आत सोडायच्या नाहीत. तेव्हा कुठे त्या चार घास जेवल्या."

माझ्या हातातला फोन गरम लागायला लागला. मी म्हटलं, "विहीणबाई, मी पॉझिटिव्ह आहे. मी येणार नाही." मग थांबता आलं नाही. त्यांनी मागे विचारलं होतं, वैद्यकीय कारणानं डोस न झालेलं तुमच्यात कुणी आहे का, असेल तर उघड्या व्हरांड्यात सोय करू. मी "कुणी नाही" म्हणाले होते. तेव्हा तुझी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. तेही सांगितलं. काकांचं कर्मचारी प्रकरणही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "काकांचं आम्ही बघतो. पण सख्ख्या बहिणीची चिठ्ठी का लपवलीत?"

"गडबडीत राहून गेलं," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. तो 'बरं' कसा होता हे कागदावर लिहिता यायचं नाही. पण बाई मनानं मोठी. तासाभरात त्यांचा मुलगा येऊन तुला सूट देणारा, माझ्या सहीचा कागद घेऊन गेला आणि त्यांची सही घेऊन परत दिला. सह्यांचं टेबलच व्हरांड्यात आणणार आहेत त्या. आजी आत काचेमागे, बाकीचे बाहेर वाऱ्यावर. ह्यांची आणि भिंगरीची टेस्ट निगेटिव्ह आलीय, शनिवारी पुन्हा करणार. तू आदल्या दिवसाची टेस्ट दाखवायचीस आणि भिंगरीच्या शेजारी उभी राहायचीस. मी आधी फोनवरून फौजदारणीला सांगून पाहिलं होतं. "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, तुमचंही ऐकायचं नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मला, ताई! माझ्याच गेटवर!

आता दोन सह्यांचा कागद तिच्याकडे पोचलाय. सगळं झालं असं वाटलं. भिंगरीनं तुला फोन लावला. मी दाराला कान लावून बसले होते. तुझा आवाज नाही आला, तिचाच आला. "हो मावशी... हो... सांगते तिला."

मग दारातून सांगितलं. "मावशी म्हणते, तुझ्या आईनं मला लेखी नाही म्हटलंय, आता लेखी बोलवावं. आणि मी का नको होते त्याचं खरं कारण लिहावं. कलम तीन सोडून. ते वाचून मग बस पकडायची का ते ठरवेन."

"आणि नाही लिहिलं तर?" मी विचारलं.

"तर मी एकटी उभी राहीन," भिंगरी म्हणाली. रागानं नाही म्हणाली. दमली होती पोर.


गुरुवार, २५ तारीख

ताई,

तीन कागद फाडले. कुरियरवाला चारला येतो. आता सव्वातीन वाजलेत, म्हणजे हाच जाणार.

भिंगरी चार महिन्यांची असताना मी तिला तुझ्याकडे ठेवलं. फॅक्टरीत तीन पाळ्या, ह्यांची बदली, घरात बघायला कुणी नाही. वर्षभराचं म्हणाले होते आणि सहा वर्षं झाली. महिन्यातून एका रविवारी मी यायचे, पिशवीभर फुटकी बिस्किटं घेऊन. ती शिलाई मशीनखाली बसलेली असायची, तुझ्या पायाशी. मला बघून उठायची, नीट उभी राहायची आणि मला 'अहो' म्हणायची. "तुम्ही बसा ना." पोटची पोर मला अहो-जाहो करायची, ताई. तुला हसू यायचं. मीही हसायचे. परतीच्या बसमध्ये काय व्हायचं ते तुला कधी सांगितलं नाही.

तिला घरी आणली तेव्हा तीन आठवडे ती रोज झोपताना विचारायची, "मला आमच्या घरी कधी सोडणार?" मी तिला दम दिला एकदा. हातही उगारला. हे भिंगरीला आठवत नसावं, मला आठवतं.

आता खरं कारण. दोन महिन्यांपूर्वी भिंगरीनं एका कागदावर कोण कुठे उभं राहील ते आखलं. सहीच्या टेबलाशी, तिच्या डाव्या हाताला, तिनं लिहिलं होतं 'मावशी'. मला पहिल्या रांगेत टाकलं होतं, ह्यांच्या शेजारी. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला ते इतकं साधं वाटलं होतं की माझी परवानगीही विचारली नाही. मीही काही बोलले नाही. छान म्हटलं.

त्यानंतर आठवड्यानं तुझी डॉक्टरांची चिठ्ठी आली. आणि मला आनंद झाला, ताई. तुझा घसा सुजला, तू मरता मरता वाचलीस, हे त्या कागदावर लिहिलं होतं, आणि तो वाचून मला आनंद झाला. आजीची फुप्फुसं, पन्नास माणसं, सगळं खरं आहे, नियम बरोबरच होते. पण तुला त्या व्हरांड्यात उभं करता आलं असतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लाल गोल काढताना मी आजीचा विचार करत नव्हते. ती जागा रिकामी झाली की तिथे मी उभी राहणार होते. एवढंच कारण. एवढ्यासाठी मी अकरा कलमं लिहिली असं नाही, पण तिसरं तेवढं तुझ्यासाठी वापरलं.

क्षमा माग असं तू म्हटलं नाहीयेस, खरं लिही म्हटलंयस. लिहिलं.

आता बोलावणं. ताई, रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या मुलीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहा. टेस्ट शनिवारी सकाळी कर, रिपोर्ट संध्याकाळी मिळतो. गेटवर फौजदारीण तुझ्याशी वाकड्यात बोलेल, मनावर घेऊ नकोस, ती सगळ्यांशी तशीच बोलते.

माझ्यासाठी येऊ नकोस. तिच्यासाठी ये.

तुझी धाकटी


सोमवार, २९ तारीख

ताई,

तू आता तुझ्या घरी पोचली असशील. मी अजून इथेच आहे, परवापर्यंत. हे पत्र तुला हवंय की नाही माहीत नाही. पण काल तू जे पाहिलं नाहीस ते सांगायचंय, म्हणजे इकडचं.

सकाळी सगळे निघून गेले. हे जाताना बाहेरून म्हणाले, "फोन चालू ठेव, मी तुला सगळं दाखवतो." दार बंद झाल्याचा आवाज आला आणि घर एकदम मेल्यासारखं गप्प झालं. मी उठले, अंगावर पाणी घेतलं, लग्नासाठी आणलेले कपडे घातले. केस विंचरले. कशासाठी म्हणशील तर सांगता येणार नाही. फोन खिडकीच्या गजाला टेकवला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. मुलीच्या लग्नात आईनं बसायचं नाही असं काही कलम नाही, पण बसवेना.

ह्यांनी मला काय दाखवलं असेल? छताचा पंखा. मग स्वतःचा कान. मग कुणाच्या तरी चपला. मी ओरडत होते, "अहो, उलटा धरलाय!" पण आवाज त्यांनी बंद करून ठेवला होता. मग फोन एका खुर्चीवर ठेवला आणि गृहस्थ गेले पाहुण्यांकडे. खुर्चीवरून मला व्हरांड्याचं छप्पर दिसत होतं आणि फौजदारणीचा आवाज ऐकू येत होता, "हात पुढे करा. रिपोर्ट दाखवा. मास्क नाकावर." तू आलीस की नाही हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, ताई. तू काही कळवलंच नव्हतंस. दहा वाजून गेले होते. छप्पर बघत मी उभी.

मग फौजदारीण म्हणाली, "तुमचं नाव पाहुण्यांत नाही. थांबा. हां, हा वेगळा कागद आहे. दोन सह्या. या." आणि लगेच भिंगरीची हाक ऐकू आली. 'मावशी' एवढीच. मी तोंडावर हात दाबून धरला.

पुढचं तुला माहीत आहे. तू खुर्चीवरून फोन उचललास. माझ्याकडे बघितलंही नाहीस. तो छातीशी धरलास, तोंड बाहेर करून, आणि जाऊन भिंगरीच्या डावीकडे उभी राहिलीस. नोंदणीवाले साहेब उशिरा आले, कागद चुकले, पुन्हा लिहिले. तासभर गेला. तासभर तू हात हलवला नाहीस. मला भिंगरीचा कान दिसत होता, तिचा हात दिसत होता, तू शिवलेली बाही दिसत होती. पेन हातात घेतल्यावर ती डावीकडे वळली आणि फोनकडे बघून म्हणाली, "करू ना गं, आई?" मी कर म्हटलं. तिला ऐकू गेलं नसणार. तिनं माझे ओठ वाचले बहुतेक. केली सही.

टाळ्या झाल्या. सगळे काचेकडे, आजींकडे वळले. मला वाटलं आता तू फोन पुन्हा खुर्चीवर ठेवशील. मी तयारच होते त्याला. तू तो फिरवलास आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. मास्कच्या वर नुसते डोळे, चष्म्यावर वाफ धरलेली. म्हणालीस, "मी काही विसरलेले नाहीये."

मी मान हलवली.

"आता बस खाली," तू म्हणालीस. "पाय थरथरतायत तुझे. तासाभरापासून बघतेय मी."

त्या पडद्यावर मी तुला वरून वाकूनच दिसत असणार, तीही तिरकी. छातीशी धरलेला फोन तू कितीदा वाकून बघितलास, ताई?

मी बसले. खाटेपर्यंत जाता आलं नाही. होते तिथेच, खोक्यांच्या मधे, फरशीवर. तू फोन बंद केला नाहीस.